महिला फुटबॉल : मधल्या फळीची कारकीर्द आणि उजनीकाठची वाट

भारतात महिलांची राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली ती जानेवारी २०१७ मध्ये. त्यापूर्वी किमान चार दशके या देशातील मुली फुटबॉल खेळत होत्या, आशियाई स्पर्धांत उपविजेतेपद मिळवत होत्या; पण खेळावर पोट भरण्याची सोय त्यांना नव्हती. आज लीग आहे, करार आहेत, परदेशी क्लबांची दारेही किलकिली झाली आहेत. तरीही व्यावसायिक महिला फुटबॉलपटूची कारकीर्द कशाच्या आधारावर उभी राहते, याचे उत्तर क्लबच्या करारापेक्षा गावातील शाळा आणि पुढची सरकारी नोकरी यांतच अधिक सापडते. उजनी जलाशयाच्या काठावरील करमाळा, माढा परिसरातील गावांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. या पट्ट्याचे पारंपरिक खेळ कुस्ती, कबड्डी आणि खो-खो. फुटबॉलची वाट येथे नवी आहे. ती कोठून सुरू होते आणि कोठे अडते, याचा हा आढावा.

मधल्या फळीचे काम

फुटबॉलच्या अकरा खेळाडूंत गोलरक्षक, बचाव फळी, मधली फळी आणि आघाडीची फळी अशी विभागणी असते. मधल्या फळीतील खेळाडूला मध्यरक्षक किंवा रूढ भाषेत मिडफिल्डर म्हणतात. बचावपटूंकडून चेंडू घेणे, तो राखणे, योग्य क्षणी आघाडीकडे देणे आणि चेंडू हातचा गेल्यास प्रतिस्पर्ध्याची चाल मध्येच तोडणे, ही तिची कामे. बचाव फळीच्या पुढे उभी राहणारी, दोन्ही बाजूंना धावणारी आणि आघाडीच्या मागे राहून चाल रचणारी असे मध्यरक्षकांचे ढोबळ तीन प्रकार मानले जातात. सामन्याच्या ९० मिनिटांत सर्वाधिक धाव बहुधा याच खेळाडूंच्या वाट्याला येते. उच्च दर्जाच्या सामन्यात ती दहा किलोमीटरच्या घरात जाते.

गोल करणाऱ्याचे नाव फलकावर झळकते, मध्यरक्षकाचे क्वचितच. मात्र अलीकडे जागतिक महिला फुटबॉलने या स्थानाचा मान वाढविला आहे. महिलांचा ‘बॅलन डी ओर’ हा जगातील सर्वोच्च वैयक्तिक पुरस्कार २०२१ आणि २०२२ मध्ये अलेक्सिया पुतेयास हिला, तर २०२३, २०२४ आणि २०२५ मध्ये ऐताना बोनमाती हिला मिळाला. दोघीही बार्सिलोना क्लबच्या आणि दोघीही मध्यरक्षक.

या स्थानावरील खेळाडू घडण्यास वेळ लागतो. वेग वयाच्या सोळाव्या वर्षीही दिसतो. परंतु मैदानाचा अंदाज, चेंडू येण्यापूर्वीच पुढची चाल ओळखण्याची दृष्टी आणि दमसास यांची सांगड साधारणतः विशीत बसते. ग्रामीण मुलीच्या बाबतीत नेमक्या याच वर्षांत शिक्षण, लग्न आणि रोजगार हे तीन प्रश्न एकदम समोर येतात. तिची कारकीर्द टिकणार की तुटणार, याचा निकाल मैदानाबाहेर लागतो तो यामुळे.

बेमबेम देवी : एकवीस वर्षे

भारतीय महिला फुटबॉलमधील सर्वांत नामवंत मध्यरक्षक म्हणून मणिपूरच्या ओइनम बेमबेम देवी यांचे नाव घेतले जाते. त्यांचा जन्म ४ एप्रिल १९८० रोजी इंफाळ येथे झाला. लहानपणी त्या वस्तीतील मुलांबरोबर खेळत आणि मुलांच्या संघात जागा मिळावी म्हणून मुलाचे नाव सांगत. १९९१ मध्ये तेरा वर्षांखालील स्पर्धेसाठी त्यांची निवड झाली आणि १९९३ पासून त्या मणिपूरच्या संघातून खेळू लागल्या. १९९५ मध्ये, पंधराव्या वर्षी, आशियाई महिला अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी भारतीय संघात पदार्पण केले. १९९८ च्या बँकॉक आशियाई क्रीडा स्पर्धेतही त्या खेळल्या आणि पुढे २००३ मध्ये भारताच्या कर्णधार झाल्या.

हा काळ भारतीय महिला फुटबॉलसाठी खडतर होता. पुरेसे आंतरराष्ट्रीय सामने न खेळल्यामुळे २००९ मध्ये भारतीय महिला संघ जागतिक क्रमवारीतून वगळला गेला. खेळाडू तयार, पण सामनेच नाहीत, अशी ती स्थिती होती. त्यानंतरच्या वर्षी, २०१० मध्ये, ढाक्यातील दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने महिला फुटबॉलचे सुवर्णपदक पटकावले आणि त्याच वर्षी दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाची पहिली महिला अजिंक्यपद स्पर्धाही जिंकली. २०१२ मध्ये कोलंबोत हे अजिंक्यपद राखले गेले. या यशात बेमबेम देवींचा वाटा मोठा होता.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २००१ आणि २०१३ अशा दोन वेळा त्यांना वर्षातील सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू म्हणून गौरविले. दोन सन्मानांमधील बारा वर्षांचे अंतर त्यांच्या सातत्याची साक्ष देते. २०१४ मध्ये त्या मालदीवच्या न्यू रेडियंट क्लबकडून खेळल्या. भारतीय महिला खेळाडू परदेशी क्लबकडून खेळण्याचे ते अगदी सुरुवातीचे उदाहरण. फेब्रुवारी २०१६ मध्ये शिलाँग येथे दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकून त्यांनी आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला.

त्यानंतरचे वर्ष लीगचे. पहिल्या भारतीय महिला लीगमध्ये मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने विजेतेपद मिळविले, तेव्हा बेमबेम देवी खेळाडू आणि व्यवस्थापक अशा दुहेरी भूमिकेत संघाबरोबर होत्या. २०१७ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. महिला फुटबॉलपटूंत हा मान त्यांच्याआधी केवळ शांती मलिक यांना, १९८३ मध्ये, लाभला होता. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

या एकवीस वर्षांत त्यांचा उदरनिर्वाह चालला तो मणिपूर पोलिसांतील नोकरीवर. ज्या देशात महिलांची लीगच नव्हती, तेथे खेळाडूला उभे ठेवणारा दुसरा आधार नव्हता.

तीन आठवड्यांची लीग

पहिल्या भारतीय महिला लीगची अंतिम फेरी २८ जानेवारी २०१७ रोजी दिल्लीत सुरू झाली आणि १४ फेब्रुवारीला संपली. सहा संघांचा हा ‘हंगाम’ तीन आठवडेही चालला नाही. पुढील काही वर्षे लीग एकाच शहरात, थोड्या दिवसांत उरकली जात असे. वर्षातील उरलेले महिने खेळाडूने सराव कोठे करायचा आणि घरखर्च कसा भागवायचा, याचे उत्तर लीगकडे नव्हते.

परिस्थितीत बदल झाला तो २०२३-२४ च्या हंगामापासून. त्या वर्षी सात संघांची लीग प्रथमच स्वतःच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर, म्हणजे घरच्या व परक्या पद्धतीने खेळविण्यात आली आणि हंगाम काही महिन्यांचा झाला. ओडिशा एफसीने ती जिंकली. २०२४-२५ मध्ये ईस्ट बंगालने विजेतेपद मिळविले. महासंघाने २०२३ मध्ये आणखी एक निर्णय जाहीर केला. लीगमधील प्रत्येक क्लबने किमान दहा भारतीय खेळाडूंशी व्यावसायिक करार करावा आणि त्यांना वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपये द्यावेत, असे त्याचे स्वरूप होते. महिन्याचा हिशेब केल्यास ही रक्कम सुमारे २६ हजार ६०० रुपये होते. तिच्यावर घर चालू शकते. परंतु करार संपल्यावर किंवा गुडघ्याच्या दुखापतीने वर्ष वाया गेल्यावर काय, हा प्रश्न उरतोच.

परदेशाची वाटही खुली झाली आहे. आघाडीपटू एन. बाला देवी हिने २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबशी करार केला. मनीषा कल्याण हिने २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोन क्लबकडून युरोपीय महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळण्याचा मान मिळविला. मात्र अशा खेळाडू मोजक्याच.

नोकरीचा कणा

बेमबेम देवींच्या पुढच्या पिढीतील दोन मध्यरक्षकांकडे पाहिले तरी हेच चित्र दिसते. तामिळनाडूतील कडलूरची इंदुमती कथिरेसन ही राज्याच्या पोलिस दलात उपनिरीक्षक आहे. २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा भारतीय संघाची ही मध्यरक्षक चेन्नईत बंदोबस्ताच्या कामावर होती. २०१८ मध्ये तामिळनाडूने प्रथमच राष्ट्रीय महिला अजिंक्यपद पटकावले, त्या यशात तिचा हात होता.

पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील संगीता बासफोर ही सशस्त्र सीमा बलाची कर्मचारी. ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमधील चियांग माई येथे आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत भारताची गाठ यजमान थायलंडशी पडली. भारताने तो सामना २-१ असा जिंकला आणि भारताचे दोन्ही गोल संगीताच्या नावावर लागले. त्या विजयाने भारतीय महिला संघ २०२६ च्या आशियाई चषकासाठी पात्र ठरला. पात्रता फेरी खेळून हे साध्य करण्याची भारताची ती पहिलीच वेळ.

पोलिस, निमलष्करी दले आणि रेल्वे यांनी महिला फुटबॉलपटूंना पगार, सरावासाठी सवड आणि निवृत्तीनंतरची शाश्वती दिली. मुलीच्या घरच्यांशी बोलताना पदकापेक्षा हाच मुद्दा अधिक वजनदार ठरतो. महाराष्ट्रातही शासकीय सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी ठरावीक पातळीवरील स्पर्धेतील प्रावीण्याचे प्रमाणपत्र लागते आणि त्याची पडताळणी होते. म्हणून खेळलेल्या प्रत्येक अधिकृत स्पर्धेचे प्रमाणपत्र जपून ठेवणे, हे खेळाडूच्या कारकिर्दीचे पहिले व्यावहारिक कर्तव्य ठरते.

अलखपुऱ्याचे उदाहरण

एखादे खेडे महिला फुटबॉलचा संघ उभा करू शकते काय, याचे उत्तर हरियाणाच्या भिवानी जिल्ह्यातील अलखपुरा या गावाने दिले आहे. तेथील सरकारी शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी मुलींच्या हाती चेंडू दिला आणि पाहता पाहता गावातील घराघरांतून मुली मैदानावर येऊ लागल्या. शाळेच्या संघाने सुब्रतो चषकात ठसा उमटविला. संजू यादव ही गावची मुलगी भारतीय संघात पोहोचली. २०१७ च्या पहिल्या महिला लीगमधील सहा संघांत एक संघ होता एफसी अलखपुरा. शहरांच्या आणि संस्थांच्या संघांबरोबर एका खेड्याचे नाव तेथे झळकले.

अलखपुऱ्याकडे मोठे क्रीडासंकुल नव्हते. एक शाळा, एक मैदान, नियमित सराव घेणारा शिक्षक आणि मुलींना पाठविण्यास राजी झालेली गावकरी मंडळी, एवढे भांडवल होते. शिष्यवृत्ती आणि नोकऱ्या दिसू लागल्यावर विरोध आपोआप मावळत गेला.

महाराष्ट्र कोठे आहे?

राष्ट्रीय महिला अजिंक्यपद स्पर्धा राजमाता जिजाबाई करंडकासाठी खेळली जाते. नाव महाराष्ट्राशी नाते सांगणारे असले, तरी करंडकावर वर्चस्व राहिले ते मणिपूरचे. महाराष्ट्राचा सहभाग मात्र सुरुवातीपासून आहे. पहिल्या लीगमधील सहा संघांत एफसी पुणे सिटीचा महिला संघ होता. तो क्लब पुढे २०१९ मध्ये बंद पडला. पुरुषांच्या फुटबॉलचे वेड असलेल्या कोल्हापुरातून एफसी कोल्हापूर सिटी आणि मुंबईतून केंक्रे एफसी हे महिला संघ २०१९-२० च्या लीगमध्ये उतरले.

२०२२ हे वर्ष राज्यासाठी विशेष होते. जानेवारी-फेब्रुवारीत महिलांचा आशियाई चषक नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यातील बालेवाडी येथे झाला. भारताने २० जानेवारीला इराणशी गोलशून्य बरोबरी साधली. पण संघात करोनाचा फैलाव झाल्याने पुढच्या सामन्यासाठी पुरेसे खेळाडूच उरले नाहीत आणि यजमानांना स्पर्धेतून बाहेर पडावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे सामने भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत रंगले. अंतिम सामना ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत झाला आणि स्पेनने कोलंबियावर १-० अशी मात केली. स्पर्धा दाराशी आल्या. त्यांचा लाभ खेड्यांतील शाळांपर्यंत किती झिरपला, हा खरा प्रश्न आहे.

उजनीकाठचे वास्तव

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी क्षमतेच्या या जलाशयाने सोलापूर जिल्ह्याच्या शेतीचे रूप पालटले. त्याच वेळी काठावरील अनेक जुनी गावे पाण्याखाली गेली आणि नव्या गावठाणांत वसली. ऊस, केळी आणि मासेमारी यांवर येथील अर्थकारण चालते. पाणी उतरले की गाळपेर जमिनीत पिके घेतली जातात. जमिनीला मोल आलेल्या या पट्ट्यात मोकळे मैदान ही सहज मिळणारी वस्तू नाही. पूर्ण आकाराचे फुटबॉल मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. म्हणजे सुमारे पावणेदोन एकर. शाळेचे पटांगण हीच त्यामुळे एकमेव जागा उरते.

दुसरी अडचण वाहतुकीची. पाचवी ते बारावीच्या विद्यार्थिनींना एसटीचा मोफत पास आहे. पण सराव शाळा सुटल्यावर असतो आणि गावी जाणारी शेवटची गाडी कोणासाठी थांबत नाही. जलाशयाने रस्ते लांबविले आहेत. पलीकडच्या काठावर जाण्यासाठी बोटीचा आधार घेतला जातो. करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांदरम्यान २१ मे २०२४ रोजी बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. रोज संध्याकाळी मुलीला दूरच्या मैदानावर पाठविण्यास पालक का कचरतात, हे समजून घेताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही.

तिसरी अडचण संख्येची. कबड्डीला मैदानात सात, खो-खोला नऊ खेळाडू पुरतात. फुटबॉलला अकरा आणि वर चार-पाच राखीव. लहान गावाच्या शाळेत एकाच वयोगटातील इतक्या मुली जमविणे अवघड. यावर उपाय लहान संघांचा. महासंघाने २०१८ पासून सहा ते बारा वर्षांच्या मुलामुलींसाठी ‘गोल्डन बेबी लीग’ ही योजना सुरू केली. तीत कमी खेळाडूंचे संघ लहान मैदानावर खेळतात. मध्यरक्षक घडविण्यासाठी तर हा खेळ अधिक उपकारक. कारण प्रत्येकीच्या पायाशी चेंडू वारंवार येतो.

चेंडूंचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकानिमित्त राज्य शासनाने ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ उपक्रम राबविला. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभरातील शाळांत दहा लाख विद्यार्थ्यांनी फुटबॉल खेळावा, असे उद्दिष्ट होते आणि त्यासाठी शाळांना चेंडू देण्यात आले. एका दिवसाचा तो उत्साह बारमाही सरावात उतरविणे हे शिक्षकांचे काम आहे.

पायऱ्या कोणत्या?

उजनीकाठच्या मुलीसाठी अधिकृत वाट शालेय स्पर्धांतून जाते. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत शालेय स्पर्धा होतात. जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय अशा तिच्या पायऱ्या आहेत. हवाई दलाशी नाते असलेल्या सुब्रतो चषकात २०१२ पासून मुलींचा १७ वर्षांखालील गट आहे. गुणवान मुलींसाठी शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत निवासी प्रशिक्षणाची योजना आहे. त्यापुढे राज्याचा कनिष्ठ आणि वरिष्ठ संघ, विद्यापीठ संघ, लीगमधील क्लब आणि सरतेशेवटी भारतीय संघ.

या वाटेवर उशिरा आलेल्यांनाही जागा मिळते. सोलापूर जिल्ह्याच्याच माळशिरस तालुक्यातील मिरे गावच्या किरण नवगिरे हिने आधी मैदानी खेळांत भाग घेतला, नंतर ती क्रिकेटकडे वळली, नागालँडच्या संघाकडून खेळली आणि २०२२ मध्ये भारतीय संघात पोहोचली. खेळ निराळा असला, तरी शेतकरी कुटुंबांच्या भागातून राष्ट्रीय संघापर्यंतचे अंतर कापता येते, हे तिने दाखविले आहे. मात्र क्रिकेटमध्ये एकटीच्या फटक्यांची नोंद होते. मध्यरक्षकाला आपला गुण दाखविण्यासाठी दहा सोबतिणी लागतात. त्यामुळे फुटबॉलमध्ये एका मुलीला पुढे आणायचे, तर आधी गावाचा संघ उभा करावा लागतो.

दृष्टिक्षेपात

• १९८० : कालिकत येथील आशियाई महिला स्पर्धेत भारत उपविजेता
• १९९५ : बेमबेम देवी यांचे भारतीय संघात पदार्पण
• २००९ : भारतीय महिला संघ जागतिक क्रमवारीबाहेर
• २०१७ : पहिली भारतीय महिला लीग; सहा संघांत एफसी पुणे सिटी आणि एफसी अलखपुरा
• २०२२ : आशियाई चषक आणि १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने महाराष्ट्रात
• २०२३ : लीगमधील भारतीय खेळाडूंसाठी किमान वार्षिक ३.२० लाख रुपयांचा निर्णय जाहीर
• २०२५ : संगीता बासफोरच्या दोन गोलांवर भारत आशियाई चषकास पात्र

इंफाळच्या वस्तीतील क्लब, कडलूर आणि कल्याणीतून निघालेल्या दोन नोकरदार खेळाडू आणि अलखपुऱ्याची शाळा यांत एक सूत्र समान आहे. प्रत्येक ठिकाणी मुलीला चालत जाता येईल इतक्या अंतरावर मैदान मिळाले, विशीत शिरताना हाती नोकरी आली आणि या दोहोंच्या बळावर ती आपल्या स्थानाला न्याय देईपर्यंत खेळत राहिली. क्लबचा करार ही त्यावरची भर. उजनीकाठी नोकरीतील आरक्षण आहे, शालेय स्पर्धा आहेत, एसटीचा पास आहे. शाळेच्या पटांगणावर संध्याकाळचा एक तास आणि त्यानंतर घरी पोहोचविणारी एक गाडी, एवढ्याची सोय झाली, तर पहिली पायरी याच गावांत तयार होऊ शकते.